यादी कोण करतं?

पूर ओसरला की गावात पहिल्यांदा येते ती यादी. घर कुणाचं पूर्ण पडलं, कुणाची नुसती भिंत खचली, म्हैस कुणाची वाहून गेली, शिधा कुणाला द्यायचा आणि कुणाला वगळायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात एकाच सुमारास पात्र सोडलं. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग सगळीकडे पाणी, बेळगाव शहरातल्या सखल वस्त्याही सुटल्या नाहीत. पाणी काही दिवसांत उतरलं. यादीच्या मागं मात्र माणसं पुढचे कित्येक महिने धावत होती. महसूल खात्याची एक यादी, पंचायतीची दुसरी, पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांची तिसरी, पुण्या-बंगळूरहून आलेल्या संस्थांची चौथी. गावानं एकत्र बसून, सगळ्यांसमोर वाचून केलेली यादी माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

मला या लेखात एवढंच मांडायचं आहे की मदतीवरचा खरा ताबा यादी करणाऱ्याच्या हातात असतो, आणि हा ताबा गावाकडे यायला हवा. सीमाभागात तर तो जास्तच निकडीनं यायला हवा. इथं यादीवर नाव कुठल्या भाषेत लिहिलं, ती कुणाच्या सहीनं निघाली, मदतीच्या गाडीवर कुणाचा फलक होता, यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अढी बसते. बाहेरच्यांनी आणलेली मदत संपते, अढी उरते.

आधी 2019 चंच बघू. कर्नाटक सरकारनं तातडीची मदत म्हणून कुटुंबामागं 10 हजार रुपये जाहीर केले, घर पूर्ण पडलं असेल तर बांधायला 5 लाख. रक्कम त्या काळच्या मानानं चांगली होती, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. पण पडझडीचे ए, बी, सी असे गट पाडले होते आणि कुठलं घर कुठल्या गटात हे इंजिनिअर, तलाठी आणि पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी यांच्या पाहणीवर ठरायचं. आपल्याकडची नदीकाठची जुनी घरं मातीच्या भिंतींची. मातीची भिंत पाण्यात असते तोवर बऱ्याचदा उभी राहते. पाणी उतरतं, चार-आठ दिवस ऊन पडतं, भिंत आतून सुकायला लागते आणि मग एका रात्री धपकन बसते. पाहणी झाली त्या दिवशी ती उभी होती, म्हणून घर 'सी'त गेलं. कॉम्प्युटरवर माहिती चढली. नंतर भिंत पडल्याचा फोटो घेऊन घरमालक तालुक्याला गेला की त्याला सांगायचे, पोर्टल बंद झालं. नदीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की पंधरा दिवस थांबा आणि मग बघा.

चुलींचंही तसंच. तीन भावांच्या चुली वेगळ्या, संसार वेगळे, पण वाटणी कागदावर झालेली नाही, उतारा एकच. कागदाच्या हिशेबानं ते एक घर. तिघांत मिळून 10 हजार आले आणि भावा-भावांत बोलणं बंद झालं. कुणाची चूल वेगळी आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण त्या माहितीला पंचनाम्यात जागा नव्हती. अधिकारी वाईट होते असं मला म्हणायचं नाही. काही तलाठ्यांनी गुडघाभर चिखलात दिवस काढलेले मी पाहिले आहेत. वाईट होती ती रचना, ज्यात माहीत असणाऱ्याला सही नव्हती आणि सही असणाऱ्याला माहीत नव्हतं.

धर्मादाय मदतीचं चित्र वेगळं, पण दोष तोच. हमरस्त्यालगतच्या गावांत एकेका दिवशी चार-चार गाड्या यायच्या. आत, कच्च्या वाटेच्या टोकाला असलेल्या वस्तीवर एकही नाही. शाळेच्या पटांगणात जुन्या कपड्यांचा ढीग पडलेला, पावसात भिजून त्याला कुबट वास सुटलेला, आणि त्याच्या बाजूला बाया विचारत होत्या की वैरणीची गाडी येणार आहे का. जनावराला दोन दिवस चारा नसेल तर माणूस गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, झोपू शकत नाही. तो रात्री उठून पाण्यात परत जातो, आणि माणसं तिथंच दगावतात. कडबा, पेंड, बायकांच्या पाळीचं सामान, मुलांच्या वह्या, चूल पेटवायला कोरडं सरपण किंवा सिलिंडर ही मागणी ज्यांच्याकडे होती त्यांना कुणी विचारलं नाही. पाठवणाऱ्यांचं मन मोठं होतं. त्या मोठ्या मनाला वाट दाखवायला गावातलं कुणी त्यांच्या बैठकीत नव्हतं, एवढंच कमी पडलं.

ही तक्रार काही आपल्यापुरती नाही. 2016 च्या मे महिन्यात इस्तंबूलला जागतिक मानवतावादी परिषद भरली. मोठ्या देणगीदार देशांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तिथं करार केला की 2020 पर्यंत मदतनिधीतला किमान 25 टक्के हिस्सा शक्य तितक्या थेट मार्गानं स्थानिक संस्थांना द्यायचा. 2020 उलटून गेलं. थेट पोहोचणारा हिस्सा टक्क्याच्या एक आकडी घरातच घोटाळत राहिला. सुदानमध्ये एप्रिल 2023 ला युद्ध पेटल्यावर मोठमोठ्या संस्थांना राजधानी खार्टुममधून निघून जावं लागलं. मोहल्ल्यातल्या तरुणांनी 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम' या नावानं गट उभे केले, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, जखमींना हलवलं. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा यातली पुष्कळ स्वयंपाकघरं बंद पडली. राबणारे हात गल्लीतले आणि पैशाची तोटी सातासमुद्रापार, असं असलं की काय होतं ते यात दिसतं.

आपल्या देशातल्या कायद्यांनी ही तोटी आणखी लांब नेली. सप्टेंबर 2020 मध्ये परकीय योगदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो पुढं दुसऱ्या संस्थेला देण्याची मनाई आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. गैरवापर रोखायचा हा हेतू सरकारनं सांगितला. प्रत्यक्षात दिल्ली-मुंबईतली मोठी संस्था तालुक्यातल्या छोट्या संस्थेला सोबत घेऊन काम करायची, ती वाटच बुजली. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचं बघा. 2013 च्या कंपनी कायद्यानं नफ्यातले 2 टक्के बाजूला ठेवायला लावले, चांगलं झालं. पण तो पैसा घ्यायचा तर संस्थेला आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी हवी, 2021 पासून सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी हवी, सनदी लेखापाल हवा, इंग्रजीत अहवाल हवा. खानापूरच्या जंगलपट्टीत बचत गट चालवणाऱ्या बाईंनी हे कुठून आणायचं? मग निधी शहरातल्या संस्थेकडे जातो आणि बाईंच्या वाट्याला लाभार्थी जमवण्याचं काम येतं. काम त्यांचं, अहवाल दुसऱ्याचा.

याच जिल्ह्यात याच्या उलट घडलेलं एक उदाहरण आहे आणि ते आपण मराठी माणसं पुरेसं ओळखत नाही. देवदासी प्रथेचा जोर सौंदत्ती यल्लम्माच्या या मुलखात किती होता ते सांगायला नको. देवाला सोडलेल्या मुलींमध्ये कानडी घरातल्या होत्या तशा आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्याही होत्या. कर्नाटकानं 1982 मध्ये बंदीचा कायदा केला. कायद्यानं माणूस बदलतो असं नाही, म्हणून मायराडा या संस्थेनं घटप्रभा परिसरात या बायांचे गट बांधायला घेतले. 1997 मध्ये त्या बायांची स्वतःची संस्था नोंदली गेली, महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे, सगळे तिला 'मास' म्हणतात. सभासद सगळ्या एकेकाळच्या देवदासी. कारभार त्यांचा, कचेरी त्यांची, कर्जाची वसुली त्यांची. मायराडा हळूहळू मागं सरकली. लहान वयात स्वतः देवाला सोडल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी या संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पद्मश्री महत्त्वाचीच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या कामाचं स्वरूप. एखाद्या घरात मुलीला देवाला सोडायचं घाटतंय ही कुणकुण पोलिसांना लागायच्या कितीतरी आधी या बायांना लागते, कारण त्या त्याच गल्लीत राहतात. त्या आईच्या शेजारी जाऊन बसतात आणि स्वतःचं आयुष्य सांगतात. बाहेरून आलेल्या कार्यकर्तीला हे कितीही प्रशिक्षण घेतलं तरी जमणार नाही. ज्या समाजानं त्यांना सगळ्यात खाली ठेवलं त्याच समाजात जाऊन भांडण न पेटवता रूढी मोडायची, याला मी शांततेचं काम म्हणतो. आणि हे उभं राहिलं कारण मोठ्या संस्थेनं योग्य वेळी खुर्ची सोडली. किती संस्थांच्या आराखड्यात आपण कधी निघून जायचं याची तारीख लिहिलेली असते?

किल्लारीचं उदाहरण आपल्या घरचं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत 52 गावं नव्या जागी वसवली. बरीचशी बांधणी देणगीदारांनी आणि कंत्राटदारांनी केली. शहरी वसाहतीसारखे सरळ रुंद रस्ते, घराला गोठ्याची जागा नाही, शेत लांब पडलं, शेजार तुटला. त्याच वेळी हजाराहून अधिक गावांत लोकांनी आपापली घरं स्वतः दुरुस्त करायची असा दुसरा कार्यक्रम चालला होता. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. कुठल्या घराला कोपऱ्यात दगड कसा बसवायचा, हप्ता कुणाचा अडकला, गवंडी कुठं फसवतोय, हे त्या बघायच्या. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच मराठवाड्याच्या बाया तिकडे गेल्या आणि तिथल्या बायांना आपला अनुभव सांगून आल्या. बांधकामात बाईला काय कळतं, असं म्हणणारे त्या वेळीही होतेच.

आता आपल्या दुखऱ्या जागेकडे येतो. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचना झाली, तेव्हापासून सीमाप्रश्न चिघळतो आहे. बेळगाव कर्नाटकातच ठेवा असं सांगणारा महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल आपल्याला मान्य नाही. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळावा ही मागणी माझीही आहे. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेत सूचना आणि परिपत्रकं द्यावीत असं केंद्र सरकारनं कितीतरी दशकांपूर्वी ठरवून दिलं आहे, आणि ते पाळलं जात नाही. पुराच्या वेळी याची झळ फार बसते. नुकसानीचा अर्ज कानडीत, पोचपावती कानडीत, नाकारल्याचं कारण कानडीत. एकट्या राहणाऱ्या मराठी म्हातारीनं तो वाचून घ्यायचा कुणाकडून? मग मध्यस्थ येतो आणि मध्यस्थाची टक्केवारी येते.

पण याच्या दुसऱ्या बाजूबद्दल गप्प बसणं मला पटत नाही. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला, दोन्हीकडचे मंत्री बोलू लागले. आजारी माणूस बाजूला राहिला आणि ही योजना कुठल्या राज्याचा अधिकार यावर रणधुमाळी झाली. योजनेचं मी स्वागतच करतो, पोटाच्या शस्त्रक्रियेला पैसे नसलेल्या माणसाला ती हवीच आहे. पण त्या गावांत मराठी घराच्या भिंतीला लागून कानडी घर आहे, उर्दू बोलणारं घर आहे, आणि रोग तिघांनाही तोच होतो. योजना ठरवताना गावाला कुणी विचारलं असतं, तर गावानं पहिला प्रश्न हाच केला असता की शेजारच्याचं काय? तो प्रश्न मुंबईतही निघाला नाही आणि बंगळूरमध्येही नाही. पुरात आपल्या मंडळांच्या गाड्या आल्या तेव्हाही काही ठिकाणी मराठी गल्लीपुरतंच वाटप झालं, जसं कानडी संघटनांनी काही ठिकाणी आपल्यापुरतं केलं. दोन्ही चुकीचं होतं. पाण्यानं जे घर वगळलं नव्हतं ते मदतीनं वगळायचं कारण नाही.

शांततेबाबतही यादीचाच प्रश्न आहे. गणपती आले, ईद आली, 1 नोव्हेंबरचा कर्नाटकाचा राज्योत्सव आणि त्याच दिवशीचा मराठी भाषकांचा काळा दिन आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. कुणाला बोलवायचं हे ठाणं ठरवतं. मंडळांचे अध्यक्ष, नगरसेवक, मोठे व्यापारी, दोन-चार धर्मगुरू. चहा होतो, सूचना वाचल्या जातात, फोटो होतो. ज्या पोराच्या मोबाईलवर अफवा पहिल्यांदा येते तो तिथं नसतो, ज्या बाईच्या दुकानावर पहिला दगड पडतो तीही नसते. डिसेंबर 2021 मध्ये बंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि बेळगावच्या अनगोळमध्ये इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. शहरात दगडफेक झाली, जमावबंदी लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली आणि पुढचे काही दिवस दोन्ही राज्यांच्या बस सीमेपर्यंत येऊन परत फिरत राहिल्या.

बस थांबल्या की अडतं कुणाचं, हे एकदा नीट बघा. अथणी-चिकोडीकडचा रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जातो. चंदगड, आजरा, गडहिंग्लजचा रुग्ण बेळगावात येतो. निपाणीची पोरं कोल्हापूरला शिकतात. कोल्हापूरचे भक्त सौंदत्तीला येतात, सांगलीकडचे धनगर चिंचलीच्या मायाक्काला. सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर आहेत, इथली भाजी आणि दूध दोन्हीकडे जातं. 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात मराठी आणि कानडी शेतकरी एकाच रस्त्यावर बसले होते, कारण तंबाखूला भाव न मिळाल्याची झळ दोघांनाही सारखीच होती. सीमेवर नांदायचं कसं हे इथल्या माणसाला माहीत आहे. त्याला विचारण्याची पद्धत तेवढी आपण कधी घातली नाही.

पद्धत घालता येते. भिवंडीत 1984 मध्ये भीषण दंगल झाली. 1988 मध्ये तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. नळावरचं भांडण, भाडेकरूचा वाद, नवरा-बायकोची तक्रार असल्या रोजच्या गोष्टी हिंदू आणि मुसलमान सभासद शेजारी बसून मिटवू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समिती सणापुरती नव्हती, वर्षभर बसत होती, म्हणून वेळेला उपयोगी पडली. केनियाच्या वजीर जिल्ह्यात 1990 च्या दशकात टोळ्यांची रक्तरंजित भांडणं चालली होती, तिथं सुरुवात केली बाजारातल्या बायांनी. बाजारात कुणाही टोळीच्या बाईला विकायला आणि विकत घ्यायला अडवायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या एकत्र आल्या. त्यातून पुढं जिल्ह्याची शांतता समिती झाली आणि सरकारनं ती नंतर स्वीकारली. रविवार पेठेत किंवा निपाणीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांना बेळगावच्या एखाद्या शांतता समितीत मानानं बसवलेलं मला बघायचं आहे.

याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. स्थानिक म्हणजे चांगलं, असं मी मानत नाही. आपल्या गावांतल्या देवस्थान पंच कमिट्या बघा. बाई जवळपास नसतेच, दलित वस्तीतला माणूस बसलाच तर दाराशी. 2001 च्या कच्छ भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडूत दलितांना मदतीतून वगळल्याच्या कितीतरी नोंदी आहेत, आणि वगळणारे गावातलेच होते. यादी गावाकडे दिली आणि गाव म्हणजे दोन वाड्यांतली चार माणसं असं झालं, तर त्यापेक्षा तलाठी बरा. तो निदान बदलून तरी जातो. म्हणून गावाकडे यादी द्यायची ती ग्रामसभेकडे द्यायची, एखाद्या मंडळाकडे किंवा पंचांकडे नाही. कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत राज कायद्यात वॉर्डसभा आहे, ग्रामसभा आहे, सरकारी योजनांचे लाभार्थी तिथं निवडायची तरतूद आहे. घरकुलाला जो नियम तो पुराला का नको? वॉर्डसभेत नाव मोठ्यानं वाचा, ज्याला हरकत आहे त्यानं तिथंच बोलावं, आणि मंजूर यादी कानडी आणि मराठी दोन्हीत पंचायतीच्या भिंतीवर लावा. भिंत खचायला वेळ लागतो तर पंधरा-वीस दिवसांनी पुरवणी यादी वाचा. दलित वस्ती, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, एकट्या बाया, भाड्यानं राहणारे यांची नावं आधी वाचा, शेवटी नाही.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे आणि तो मला जास्त काळजीत टाकतो. स्थानिकांना पुढे करायचं म्हणजे सरकारनं हात झटकायचे, असा याचा अर्थ काढला जाईल. तसं होता कामा नये. कोयनेत 105 टीएमसी पाणी मावतं, अलमट्टीत 123. कुठल्या दिवशी किती दरवाजे उघडायचे हे कुठलंही तरुण मंडळ ठरवू शकत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, काळम्मावाडीतून विसर्ग वाढला की खालच्या गावांना किती तासांची उसंत आहे, हे सांगणं दोन्ही सरकारांचं काम आहे. पूर कुणामुळं आला यावर दोन्ही राज्यांत अहवाल होतात, सभागृहांत वाद होतात, ते व्हावेत. पण बोटी, लाइफ जॅकेट, उंच जागेवरचे निवारे, घरबांधणीचा पैसा ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती पूर्ण राहिली पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं वाचवायला निघालेली गावातली नाव उलटली आणि माणसं बुडाली. धाडसाला साधनं मिळाली नाहीत तर काय होतं, हे आपण पाहिलं आहे. निर्णय गावाचा आणि खर्च सरकारचा, अशीच माझी मागणी आहे. यातलं एक घेऊन दुसरं सोडून चालणार नाही.

पैसा कुठून, असं विचारलं जाईल. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी वाटणी केली, तिच्यात 10 टक्के पूर्वतयारी आणि क्षमता वाढवण्यासाठी ठेवले होते. असा पैसा प्रशिक्षणाच्या बॅनरवर आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहात खर्च करण्यापेक्षा नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या खात्यात मे महिन्यात ठरावीक रक्कम टाकता येईल. वैरण कुठून घ्यायची, ट्रॅक्टर कुणाचा, स्वयंपाक कुठं, हे गावानं पावसाआधी ठरवावं आणि दिवाळीआधी ग्रामसभेत हिशेब वाचावा. बाहेरच्या संस्थांना आणि कंपन्यांना माझी विनंती आहे की गाडी पाठवण्याआधी त्या गावाला फोन करा, आणि जमलं तर गाडीऐवजी गावातल्या बचत गटाच्या खात्यावर पैसे पाठवा. त्यांचा हिशेब लिहायला एक माणूस लागत असेल तर त्याचा पगारही द्या. हिशेब नीट नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून हिशेब ठेवणारा नाही, या फेऱ्यात आपल्याकडच्या किती चांगल्या छोट्या संस्था मेल्या!

एक काम तर कुणाच्या परवानगीशिवाय सुरू करता येईल. दूधगंगेवर मलिकवाड आणि दत्तवाड यांना जोडणारा बंधारा आहे. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात. पावसाळ्यात पाणी चढलं की हा बंधारा बुडतो. असेच कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, जत्राट-भिवशी हे बंधारेही बुडतात. पाणी वाढतंय हे सरकारी इशाऱ्याआधी इकडच्या माणसाला कळतं ते वरच्या अंगाला राहणाऱ्या पाहुण्याच्या फोनवरून. हे नातं आत्ताच आहे. त्याला एक वही द्यायची आहे. दोन्ही काठांवरच्या गावांनी मिळून एक पूर समिती करावी, निम्म्या बाया, मराठी, कानडी, उर्दू बोलणारे सगळे. वहीत वरच्या गावांचे नंबर, पोहणाऱ्यांची नावं, कुणाच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे, कुठल्या गोठ्यात किती जनावरं. दोन राज्यांच्या बस बंद पडल्या तर रुग्णाला पलीकडे कोण नेणार, हेही त्याच वहीत. पोराला मारलं, पुतळ्याला काहीतरी केलं, असा मेसेज आला की पलीकडच्या कुणाला फोन करून खरं-खोटं विचारायचं, तोही नंबर त्याच पानावर.

ही वही बेळगावच्या डीसी ऑफिसनं, म्हणजे तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयानं, आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयानं अधिकृत मानावी. आपत्ती व्यवस्थापनाचा 2005 चा कायदा जिल्हा प्राधिकरणाला अधिकार देतो आणि स्थानिक प्राधिकरणांवर कर्तव्यंही टाकतो. तेव्हा दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी मे महिन्यात एकदा बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांवर येऊन या समितीसमोर बसावं, समितीनं त्यांना बोलवावं आणि अध्यक्षस्थानी गावातली बाई असावी. येत्या पावसाळ्याच्या आत हे एका जरी जोडगावात झालं तरी मी तिथं पाणी वाढायला आणि चटया अंथरायला जाईन.